चार मीटरांच्या आतला खेळ

२८ फेब्रुवारी २००६ रोजी पी. चिदंबरम यांनी मांडलेल्या अर्थसंकल्पात छोट्या मोटारींवरचं उत्पादन शुल्क २४ टक्क्यांवरून १६ टक्क्यांवर आलं. छोटी मोटार कोणती, याची व्याख्याही ठरली. लांबी ४,००० मिलिमीटरपर्यंत, पेट्रोल इंजिन असेल तर १,२०० सीसीपर्यंत आणि डिझेल असेल तर १,५०० सीसीपर्यंत. छोट्या गाड्या बनवण्यात भारताने जगात पुढे यावं, असा हेतू होता. आल्टो, सँट्रो, इंडिका यांच्या त्या काळात एसयूव्हीचा विचार या आकड्यांमागे असण्याचं काही कारण नव्हतं. पण पुढच्या दशकात याच तीन आकड्यांनी एक नवा वाहनप्रकार घडवला, आणि आज शोरूममध्ये 'स्पोर्टी कॉम्पॅक्ट एसयूव्ही' म्हणून जी गाडी दाखवली जाते ती त्याच प्रकारातली. अशा गाडीची प्रतिस्पर्ध्यांशी तुलना करायची म्हटलं की आपण एक तक्ता मांडतो: ताकद, टॉर्क, डिकी, ॲव्हरेज, किंमत. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस मुंबईतून 'ओव्हरड्राइव्ह' आणि 'ऑटोकार इंडिया' ही मासिकं निघू लागली, तेव्हापासून हा तक्ता वाचकांच्या चांगल्या ओळखीचा झाला. माझं म्हणणं असं की या तक्त्यातले निम्मे रकाने कंपन्यांनी भरण्याआधीच अर्थ मंत्रालयाने भरून ठेवले होते. म्हणून गाडी खरोखर 'स्पोर्टी' आहे का, हे पाहायचं तर कायदा जिथे गप्प आहे तिथे पाहावं लागतं.

मोठ्या एसयूव्हीची परंपरा आपल्याकडे जुनी आहे, आणि तिचा बराचसा भाग पुणे-नाशिक पट्ट्यात घडला. महिंद्राची जीप होतीच. टाटांनी पुण्यात १९९१ साली सिएरा, १९९४ साली सुमो आणि १९९८ साली सफारी आणली, तर २००२ मध्ये महिंद्राची स्कॉर्पिओ आली. बाहेर जगात १९८८ची सुझुकी व्हिटारा आणि १९९४ची टोयोटा आरएव्ही-४ यांनी मोटारीसारखी चालणारी लहान एसयूव्ही रुजवली होती. आपल्याकडे मात्र ती जागा मोकळीच राहिली. २००६च्या सवलतीचा फायदा आधी घेतला तो सेडानवाल्यांनी. टाटांनी २००८ मध्ये इंडिगोची शेपटी छाटून 'इंडिगो सीएस' काढली. तिची डिकी मागून कापल्यासारखी दिसायची, पण किंमत उतरली आणि गाडी चालली. कराच्या रेषेसाठी गाडी कापता येते, आणि कापलेली गाडी गिऱ्हाईक घेतं, हा धडा साऱ्या उद्योगाने तिथे घेतला.

चार मीटरच्या आतली पहिली एसयूव्ही आणली ती एका अनपेक्षित कंपनीने. वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियरने, जिच्या पद्मिनीने मुंबईची टॅक्सी पिढ्यान् पिढ्या चालवली, २००९च्या अखेरीस चिंचवडच्या कारखान्यातून 'रिओ' बाजारात आणली. तिचा आराखडा झोट्ये या चिनी कंपनीचा, त्याचं मूळ दाइहात्सूच्या टेरिओसमध्ये आणि सुरुवातीचं डिझेल इंजिन प्यूजोच्या घराण्यातलं. कल्पना अचूक होती, पण गाडी जुनाट होती आणि कंपनीकडे विक्रीचं जाळं उरलं नव्हतं. २०१२च्या सप्टेंबरात महिंद्राने झायलोचा मागचा भाग कमी करून 'क्वांटो' काढली. ३,९८५ मिलिमीटरमध्ये सात जणांना बसवण्याचा तो अट्टहास दिसायला कसा होता, याबद्दल न बोललेलं बरं. रिओ आणि क्वांटो या दोघींकडे सवलतीचं गणित होतं, पण चालवण्याची मजा हा विषयच नव्हता.

तो विषय आणला फोर्डच्या इकोस्पोर्टने. पहिली इकोस्पोर्ट २००३ मध्ये ब्राझीलमध्ये निघाली होती. दुसऱ्या पिढीचं दर्शन मात्र फोर्डने जानेवारी २०१२ मध्ये दिल्लीच्या ऑटो एक्स्पोत घडवलं आणि जून २०१३ मध्ये चेन्नईजवळच्या मराईमलाई नगरच्या कारखान्यातली गाडी ५ लाख ५९ हजारांपासून विकायला काढली. लांबी ३,९९९ मिलिमीटर, म्हणजे कायद्याच्या रेषेच्या एक मिलिमीटर अलीकडे. मागच्या दाराला टांगलेलं जादा चाक त्या मोजमापात धरलेलं नव्हतं. तिच्यातलं ९९९ सीसीचं तीन सिलिंडरचं इकोबूस्ट इंजिन टर्बोच्या जोरावर १२५ पीएस ताकद देत होतं. या इंजिनाला २०१२, २०१३ आणि २०१४ अशी सलग तीन वर्षं 'इंटरनॅशनल इंजिन ऑफ द इयर' हा सन्मान मिळाला. आपल्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट दुसरीच आहे. कायद्याने सीसी मोजले होते, ताकद मोजली नव्हती. १,२०० सीसीच्या आतून किती ताकद काढायची, यावर काही बंधन नव्हतं. फोर्डने त्या मोकळ्या जागेत टर्बो बसवला आणि पुढे सगळे त्याच वाटेने गेले. टाटा नेक्सॉनचं टर्बो पेट्रोल १,१९९ सीसीचं, महिंद्रा एक्सयूव्ही ३००चं १,१९७ सीसीचं, ह्युंदाई व्हेन्यूचं ९९८ सीसीचं, निसान मॅग्नाइट आणि रेनो कायगरचं ९९९ सीसीचं.

लांबीच्या अटीचा परिणाम याहूनही खोल आहे. कायद्याने लांबी बांधली, रुंदी आणि उंची मोकळी सोडली. चार मीटरमध्ये इंजिन, अपघातात चुरगळण्यासाठी राखलेला पुढचा भाग, दोन रांगा आणि डिकी बसवायची, तर माणसांना पसरून बसवता येत नाही. त्यांना सरळ, खुर्चीवर बसल्यासारखं बसवावं लागतं. असं बसवलं की पाय कमी जागेत मावतात, पण छप्पर वर जातं. छप्पर वर गेल्यावर गाडी हॅचबॅकसारखी ठेंगणी राहत नाही, मग तिला मोठी चाकं आणि चाकांभोवती काळी किनार देऊन एसयूव्ही म्हणणं सोपं होतं. भारतीयांना उंच गाडी आवडते हे खरंच आहे. खड्डे, पावसाळ्यात तुंबलेलं पाणी, गावाकडचे स्पीडब्रेकर ही कारणंही खरी. पण ती कारणं पूर्वीही होती. उंच बसण्याची ही हौस दहा लाखांच्या आसपास भागू लागली ती करसवलतीमुळे. आणि हीच उंची स्पोर्टीपणाच्या मुळावर येते, कारण वजनाचा मध्य वर गेला की वळणावर गाडी कलते. म्हणजे ज्या नियमाने टर्बोला वाव दिला, त्याच नियमाने वळणावरची स्थिरता अवघड केली.

यावर पहिला आक्षेप पार्किंगचा. मुंबई-पुण्याच्या गल्ल्यांत, सोसायटीच्या खांबांमधल्या जागेत लहान गाडीच परवडते, तेव्हा चार मीटरची लांबी ही गिऱ्हाइकाची गरज होती, सरकारने फक्त ती ओळखली, असं म्हणता येईल. पण गरजेनुसार लांब्या ठरल्या असत्या तर त्या विखुरलेल्या दिसल्या असत्या: एखादी ३,८००ची, एखादी ४,०५०ची, एखादी ४,१००ची. प्रत्यक्षात काय दिसतं? मारुतीच्या ब्रेझा आणि फ्रॉन्क्स, ह्युंदाईची व्हेन्यू, कियाची सोनेट आणि महिंद्राची एक्सयूव्ही ३०० या साऱ्यांची लांबी ३,९९५ मिलिमीटर. मॅग्नाइट आणि पहिली नेक्सॉन ३,९९४, कायगर ३,९९१. वेगवेगळ्या देशांतल्या कंपन्यांचे अभियंते पार्किंगचा अभ्यास करून नेमके पाच-सहा मिलिमीटरच्या पट्ट्यात पोहोचले, यावर विश्वास ठेवणं कठीण आहे. युरोपात, जिथे रस्ते आपल्याहून अरुंद असलेली गावं पुष्कळ आहेत, याच वर्गातल्या रेनो कॅप्चर, निसान ज्यूक, प्यूजो २००८ पहिल्या पिढीतच चार मीटरच्या शंभर ते एकशे साठ मिलिमीटर पुढे होत्या. आणखी ठसठशीत पुरावा आपल्या बोलेरोचा. ग्रामपंचायतीपासून पोलीस ठाण्यापर्यंत सगळीकडे उभी असणारी ही गाडी २००० सालापासून चार मीटरहून लांब होती आणि कोणाची तक्रार नव्हती. २०१६ मध्ये तिचे बंपर आखडून ती ३,९९५ मिलिमीटरवर आणली गेली आणि अडीच लिटरच्या डिझेलऐवजी दीड लिटरचं इंजिन आलं. गिऱ्हाईक तेच, रस्ते तेच, बदलला तो फक्त कराचा टप्पा. जमिनीपासूनच्या उंचीच्या बाबतीतही असंच घडलं. २०१३च्या अर्थसंकल्पात एसयूव्हीवरचं शुल्क २७ टक्क्यांवरून ३० टक्क्यांवर गेलं आणि तिच्या व्याख्येत १७० मिलिमीटर ग्राउंड क्लिअरन्सची अट आली. महिंद्राने एक्सयूव्ही ५००चा ग्राउंड क्लिअरन्स १७०च्या खाली उतरवला.

आता खऱ्या स्पर्धेकडे येऊ. मार्च २०१६ मध्ये मारुतीने व्हिटारा ब्रेझा आणली, तीही फक्त १.३ लिटर डिझेलमध्ये. ताकद ९० पीएस, स्पोर्टीपणाचा दावा नाही, ॲव्हरेज उत्तम, आणि जवळच्या गावातही दुरुस्ती होईल अशी खात्री. ती प्रचंड खपली. सप्टेंबर २०१७ मध्ये टाटांच्या रांजणगावच्या कारखान्यातून नेक्सॉन आली. तिच्या टर्बो पेट्रोल आणि डिझेल दोन्ही इंजिनांची ताकद ११० पीएस होती, आणि चालवण्याचे इको, सिटी, स्पोर्ट असे तीन मोड होते. पण नेक्सॉनने बाजी मारली ती वेगाच्या मैदानात नाही. डिसेंबर २०१८ मध्ये ग्लोबल एनकॅपच्या अपघात-चाचणीत पाच तारे मिळवणारी ती पहिली भारतीय मोटार ठरली, आणि तुलनेच्या तक्त्यात सुरक्षिततेचा रकाना कायमचा आला. हा रकानाही कायद्याने आखून दिलेला नव्हता, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे. आपली स्वतःची चाचणी, भारत एनकॅप, सुरू व्हायला ऑक्टोबर २०२३ उजाडला.

फेब्रुवारी २०१९ मधली एक्सयूव्ही ३०० ही या साऱ्या इतिहासातली सर्वांत बोलकी गाडी. तिचा सांगाडा कोरियातल्या सांगयाँगच्या टिवोलीचा, आणि टिवोलीची लांबी ४.२ मीटर. नाशिकमध्ये बनणाऱ्या गाडीला २० सेंटीमीटर कुठूनतरी कमी करायचे होते. महिंद्राने पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर, म्हणजे २,६०० मिलिमीटरचा व्हीलबेस, तसाच ठेवला. ब्रेझा, नेक्सॉन, व्हेन्यू यांचा व्हीलबेस अडीच हजारांच्या आसपास आहे. काटछाट झाली ती मागच्या चाकांच्या पलीकडे, म्हणून डिकी अडीचशे लिटरच्या जरा वर राहिली, जेव्हा नेक्सॉन आणि व्हेन्यू साडेतीनशे लिटर देत होत्या. गणपतीला कोकणात निघालेल्या कुटुंबाने या डिकीकडे बघून नाक मुरडलं असेल तर त्यात नवल नाही. पण गाडीच्या वागण्याच्या दृष्टीने हा सौदा उलट बाजूने वाचता येतो. चाकं गाडीच्या चार कोपऱ्यांकडे सरकली, चाकांबाहेर लोंबणारं वजन घटलं, आणि रुंदी १,८२१ मिलिमीटर असल्याने पायाही पसरट मिळाला. जोडीला डिझेलचा ३०० न्यूटनमीटरचा टॉर्क आणि चारही चाकांना डिस्क ब्रेक. जानेवारी २०२० मध्ये ग्लोबल एनकॅपने तिलाही पाच तारे दिले. २०२२ मध्ये 'टर्बोस्पोर्ट' नावाने थेट इंधन फवारणारं नवं १.२ लिटर पेट्रोल आलं, १३० पीएसचं. तोवर या वर्गात एवढी ताकद कोणी दिली नव्हती.

मे २०१९ मध्ये आलेल्या ह्युंदाई व्हेन्यूने वेगळी वाट धरली. एक लिटर टर्बो, १२० पीएस आणि सात गिअरचा दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. मुंबईच्या ट्रॅफिकमध्ये डावा पाय मोकळा राहावा आणि एक्स्प्रेसवेवर पिकअपही हवा, अशा माणसासाठी हे नेमकं जुळणारं उत्तर होतं. सप्टेंबर २०२२ मध्ये तिची एन लाइन आवृत्ती निघाली. इंजिन तेच, ताकद तीच. सस्पेन्शन अधिक ताठ, स्टिअरिंग अधिक जड, चारही चाकांना डिस्क ब्रेक, एक्झॉस्टचा सूर बदललेला. तक्ता मांडणारा म्हणेल की ताकदीच्या रकान्यात काहीच वाढलं नाही, मग जास्त पैसे कशाचे? माझ्या मते पैसे योग्य जागीच लागले आहेत, कारण सस्पेन्शन आणि स्टिअरिंग यांवर कोणत्याही अर्थसंकल्पाने कधी एक ओळ लिहिलेली नाही. तिथे कंपनीला कायद्याचं कारण सांगता येत नाही. जे आहे ते तिच्या अभियंत्यांचं. याउलट लाल शिलाई, धातूचे पेडल, काळं छप्पर आणि मागे एक अक्षरचिन्ह एवढ्यावर भागवणाऱ्या 'स्पोर्ट' आवृत्त्या या वर्गात खंडीभर आहेत. चकचकीत मुखपृष्ठ लावून जुनंच पुस्तक पुन्हा विकावं, तसा तो प्रकार.

दुसरा आक्षेप मुळावरच घाव घालतो: उंच, साडेअकराशे-बाराशे किलोच्या गाडीत स्पोर्टीपणा शोधणंच हास्यास्पद आहे, ज्याला ती हौस आहे त्याने ठेंगणी हॅचबॅक घ्यावी. यात तथ्य आहे. त्याच इंजिनाची ठेंगणी गाडी वळणावर नेहमीच सरस ठरेल, भौतिकशास्त्राला जाहिरात कळत नाही. पण बाजारात हॅचबॅक घेणाऱ्याची आणि कॉम्पॅक्ट एसयूव्ही घेणाऱ्याची निवड वेगळी असते, आणि तुलना प्रतिस्पर्ध्यांशी करायची असते, आदर्शाशी नव्हे. शिवाय बांधलेल्या चौकटीत चपळ गाडी बनवण्याची कला काही नवी नाही. जपानमधल्या 'केई' गाड्यांना १९९० पासून ६६० सीसीची आणि १९९८ पासून ३.४ मीटर लांबी व १.४८ मीटर रुंदीची मर्यादा आहे. त्यापूर्वीच, १९८७च्या सुझुकी आल्टो वर्क्सने ६४ पीएस गाठले, आणि कंपन्यांनी आपापसांत तोच आकडा कमाल म्हणून ठरवून टाकला. ताकद सगळ्यांची सारखी झाल्यावर जपानी गाड्यांची पारख वजन, गिअरबॉक्स आणि सस्पेन्शन यांवर आली. आपली चार मीटरची शर्यतही त्याच दिशेने चालली आहे.

तिसरा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो. सवलतच सगळं ठरवत असेल तर सवलतीबाहेरच्या गाड्या का खपतात? इकोस्पोर्टची सर्वांत स्वस्त आवृत्ती दीड लिटर पेट्रोलची होती, म्हणजे लांबीत बसणारी पण सीसीत न बसणारी. २०२० मध्ये डिझेल बंद करून मारुतीने ब्रेझात १,४६२ सीसीचं पेट्रोल इंजिन बसवलं, तेव्हा जीएसटी आणि उपकर मिळून छोट्या डिझेल गाडीच्या ३१ टक्क्यांऐवजी ४५ टक्के कर लागू लागला, तरी ब्रेझा खपतच राहिली. हे मान्य करायला हवं: कराने जन्माला घातलेल्या प्रकाराला पुढे स्वतःचं आयुष्य मिळालं. लोकांना तो आकार आवडला आणि काहींनी त्यासाठी जादा मोजले. पण त्याच ब्रेझाची लांबी अजूनही ३,९९५ मिलिमीटरच आहे, कारण साचा आधीच पडला होता. आणि ज्यांना शक्य होतं ते परत रेषेच्या आत आले. नवी थार २०२० पासून ३,९८५ मिलिमीटरची, पण दोन आणि २.२ लिटरच्या इंजिनांमुळे सवलतीबाहेर होती. जानेवारी २०२३ मध्ये महिंद्राने तिची मागच्या चाकांवर चालणारी आवृत्ती काढली आणि तिच्यात एक्सयूव्ही ३००चं दीड लिटर डिझेल घातलं. डोंगर चढणाऱ्या थारलाही लहान इंजिन घ्यावं लागलं. यावर वेगळं भाष्य नको.

सवलतीचं वजन किती, हे आकड्यात पाहिलेलं बरं. कराआधी सात लाखांची पेट्रोल गाडी धरली तर छोट्या पेट्रोल गाडीच्या २९ टक्के कराने ती ९ लाख ३ हजारांना पडायची आणि ४५ टक्क्यांनी १० लाख १५ हजारांना. २२ सप्टेंबर २०२५ पासून उपकर गेला आणि दर १८ आणि ४० असे झाले. आता तीच गाडी सवलतीत ८ लाख २६ हजारांना, सवलतीबाहेर ९ लाख ८० हजारांना. दोन्ही स्वस्त झाल्या, पण दोघींमधली दरी १ लाख १२ हजारांवरून १ लाख ५४ हजारांवर गेली. महाराष्ट्रात आरटीओचा वाहन कर किमतीच्या टक्केवारीत लागतो, म्हणून रस्त्यावर येईपर्यंत ही दरी आणखी रुंदावते. ४,०००, १,२०० आणि १,५०० हे २००६चे आकडे मात्र तसेच राहिले.

म्हणून निवाडा करायचा तर असा. इकोस्पोर्टच्या इकोबूस्टने या वर्गात मजा शक्य आहे हे दाखवलं. फोर्डने सप्टेंबर २०२१ मध्ये भारतातलं उत्पादन थांबवायचं जाहीर केलं आणि तो अध्याय संपला. व्हेन्यू एन लाइन शहरात वापरायला सर्वांत सोयीची स्पोर्टी गाडी. नेक्सॉन सर्वांगाने समतोल, पण तिचा 'स्पोर्ट' मोड हा तिच्या गुणांतला पहिला नाही. ब्रेझा या स्पर्धेत उतरलीच नाही, आणि खपाच्या हिशेबाने तिला त्याची गरजही पडली नाही. स्पोर्टीपणाची किंमत खरोखर मोजली ती एक्सयूव्ही ३००ने, डिकीच्या रूपाने. त्या किमतीमुळे बहुसंख्य कुटुंबांनी तिच्याकडे पाठ फिरवली, तरी चालवण्यासाठी गाडी घेणाऱ्याने तिलाच पहिला क्रमांक द्यावा, असं मला वाटतं. एप्रिल २०२४ मध्ये तिची जागा एक्सयूव्ही ३एक्सओने घेतली: व्हीलबेस तोच २,६०० मिलिमीटर, वरच्या आवृत्तीत तेच १३० पीएसचं १.२ लिटर टर्बो पेट्रोल, आणि लांबी ३,९९० मिलिमीटर.